हात न फिरवलेला फोटो

३ जून

ती. बाबा,

नमस्कार. आईला वाचून दाखवालच, पण आधी तुम्ही एकटे वाचा, कारण पत्र कामाचं आहे.

सोबतच्या लांब पाकिटात आईसाठी आमंत्रणपत्र आहे. त्यावर आपल्या वकिलातीचा गोल शिक्का आहे, तेव्हा घडी घालू नका आणि कुणाला कौतुकानं दाखवत फिरू नका. इथल्या सरकारनं तुमच्याकडच्या शहरात जी वकिलात उघडली आहे, तिथे हा कागद दिला की आईच्या व्हिसाचा अर्ज घेतात.

हा शिक्का मिळवायला मी परवा आपल्या वकिलातीत जाऊन आले. परक्या मुलखात आपली वकिलात म्हणजे माहेरची ओसरी असेल अशी माझी समजूत. कसली ओसरी न कसलं काय! लाकडी बाकं, हातात नंबराचा पितळी बिल्ला, भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि पाटीखालीच दोघे जण आपल्या भाषेत हमरीतुमरीवर आलेले. ते भांडण ऐकूनच मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खिडकीतल्या कारकुनानं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, तुम्ही उभ्या राहू नका. बिल्ला इकडे द्या, तिकडे बसा.” मग कागद वाचून विचारलं, “आईला सहा महिन्यांसाठी बोलावताय?” मी हो म्हटलं. “कमी पडतील,” म्हणाला. “नात-नातू हातात आला की आई सुटत नाही. खिडकीत बसून बसून कळलंय मला.”

डॉक्टरांनी सप्टेंबरचा पहिला आठवडा सांगितला आहे. तुमचे जावई पुलाच्या कामावर लांब असतात, रविवारी तेवढे येतात. सासूबाई असत्या तर प्रश्न नव्हता. म्हणून आई ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथे हवी.

अर्जाला फोटो लागतो. पांढरा पडदा, दोन्ही कान दिसायला हवेत, सावली नको. पण हे मी तुम्हाला काय सांगणार? माशाला पोहायला शिकवण्यातला प्रकार.

तुमची,
मिचमिची


१९ जून

चि. मिचमिचे,

(लवकरच आई होशील, तेव्हा हे नाव तुला शोभणार नाही हे मला कळतं. पण फोटो काढताना ऐन वेळी डोळे मिटायची खोड तू सोडली असशील यावर माझा विश्वास नाही.)

आमंत्रणपत्र पोचलं. घडी घातली नाही. फक्त समोरच्या घड्याळजीला आणि पोस्टमनला दाखवलं.

तुझ्या आईचा फोटो मीच काढला. स्टुडिओ दुपारी बंद ठेवला आणि तिला स्टुलावर बसवलं. बाई कॅमेऱ्यासमोर बसली की उलटंच करते. लग्नाच्या फोटोत हस म्हटलं होतं तर एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला होता, आणि आता हसायचं नाही म्हटलं तर हसू आवरेना. शेवटी मी म्हटलं, “तिकडे जायचंय ना?” तेव्हा कुठे ओठ मिटले.

नियम सगळे पाळले. मग निगेटिव्हवर थोडा हात फिरवला, नेहमीसारखाच. डोळ्यांखालची वर्तुळं पेन्सिलीनं भरली, हनुवटीखालचं जरा आवरलं, आणि भुवईवरचा तो झोपाळ्यावरून पडल्याचा व्रण पातीनं अलगद खरवडून टाकला. गिऱ्हाइकांच्या मुरमांवर जन्मभर डोळे फोडले, मग घरच्या माणसाला का वंचित ठेवायचं? फोटो असा उतरलाय की त्या वकिलातीतले लोक खुर्ची देतील.

तुला ठाऊक आहेच, तुझ्या आजोबांनी तिला माझ्याकडे आणली होती ती एका स्थळाला फोटो पाठवायचा म्हणून. त्या फोटोवर मी फार मन लावून काम केलं. इतकं, की तो स्थळाकडे गेलाच नाही. मीच मागणी घातली. तेव्हापासून तिचा एकही फोटो मी तसाच हातावेगळा केलेला नाही.

अर्ज टाकला आहे. पुढच्या आठवड्यात शहरात मुलाखत आहे. तू निश्चिंत राहा.

तुझा,
बाबा


६ जुलै

ती. बाबा,

नमस्कार. पत्र मिळालं. आईच्या हनुवटीखालचं आवरलंत हे आईला सांगितलं आहेत का?

मी अगदी ठणठणीत आहे. अक्षर तिरकं आलं आहे त्याचं कारण आमचं नवं टेबल. एक पाय आखूड आहे, डगमगतं. सध्या कामावर जात नाही, घरीच असते. कंटाळा येतो, पण शेजारीण फार चांगली मिळाली आहे. निवृत्त झालेली नर्स आहे. सकाळ-संध्याकाळ येते, बसते, चहा पिते. तिला आपली भाषा येत नाही आणि मला तिची अर्धीमुर्धीच येते, तरी आमच्या गप्पा रंगतात.

मुलाखतीत काय विचारलं? तिकीट कधीचं काढणार? घाई अशी काही नाही. पण आई थोडी आधी आली तरी चालेल. म्हणजे जमलं तर लवकरच यावं. खोली तयार आहे.

तुमची,
मिचमिची


२२ जुलै

चि. मिचमिचे,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. दाराशी नर्स म्हणजे दुधात साखर! म्हणजे तुझी आई दोन-चार आठवडे मागेपुढे झाली तरी अडून बसणार नाही, असं मी धरून चालतो. कधी कधी बाळ झाल्यावर आजी आलेली जास्त उपयोगी पडते, असं घड्याळजीची बायकोही म्हणत होती.

मुलाखत झाली. खिडकीतली अधिकारी बाई सभ्य आहे. कागद बघून घेताहेत. एवढ्या मोठ्या कचेऱ्या, तिथली कामं मुंगीच्या पावलांनीच चालायची. आपण कशाला डोक्याला त्रास करून घ्यायचा.

बाकी इकडे सगळं ठीक. मोठ्या लेन्सला बुरशी धरली होती, ती पुसून घेतली. सध्या घरातले जुने अल्बम आवरायला काढले आहेत. सहजच. पसारा फार झाला होता. तुझ्या मामाकडचे आणि काकांकडचेही मागवून घेतले आहेत.

टेबलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाल.

तुझा,
बाबा


२२ जुलै

बाळा,

हे पत्र मी वेगळं टाकते आहे, तुझ्या बाबांना माहीत नाही. ते अल्बमांच्या ढिगाऱ्यात बसले आहेत.

आधी तुझं. टेबल डगमगत नाही. तू पडून लिहिते आहेस. शाळेत असताना तापात पडल्या पडल्या गृहपाठ लिहायचीस, तेव्हा हेच अक्षर असायचं, डावीकडून उजवीकडे उतरणीला लागलेलं. आणि नर्स दिवसातून दोनदा चहा प्यायला कुणाकडे जात नाही. मला काय झालंय ते सरळ लिही. बाबांना वाटलं तुला सोबत मिळाली. मी त्यांना काही बोलले नाही, कारण त्यांचं त्यांनाच सध्या जड झालं आहे.

आता आमचं ऐक. व्हिसा अडला आहे.

मुलाखतीला मी काचेसमोर उभी राहिले. पलीकडे ती अधिकारी बाई, बाजूला दुभाष्या. तिनं माझा अर्जावरचा फोटो बघितला, मग मला बघितलं, आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाली. तो म्हणतो, “मॅडम विचारताहेत, मुलीचा फोटो चुकून लावलाय का?” खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. तुझ्या बाबांकडे बघितलं तर तेही फुशारले होते.

मग तिनं पासपोर्ट उघडला. त्यात ओळखीची खूण लिहिली आहे, ‘डाव्या भुवईवर व्रण’. ती मी पासपोर्टच्या कचेरीत विचारलं तेव्हा खरी सांगितली होती. आणि शेजारीच फोटो, तुझ्या बाबांनी काढलेला, त्यात भुवई अशी स्वच्छ की माशी बसली तर घसरेल. काचेपलीकडून ती बघते तर समोरच्या बाईला व्रण आहे, आणि दोन्ही फोटोंतल्या बाईला नाही. तिचं म्हणणं, पासपोर्टवर कुणा दुसरीचाच फोटो चिकटवला असणार. ती रागावली नाही, पण हसणंही बंद झालं.

तुझ्या बाबांनी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. पेन्सिल, पाती, सगळं. दुभाष्यालाच ते नीट कळलं नाही, तो तिला काय सांगणार! नवा साधा फोटो काढून देतो म्हणाले, पण पासपोर्टवरचा तर जुनाच राहणार. शेवटी ती म्हणाली, एक तर नवा पासपोर्ट करून आणा, नाहीतर व्रण दिसतो असा तुमचा जुना फोटो आणा, पासपोर्टच्या आधीचा. नवा पासपोर्ट व्हायला वर्ष सरेल.

जुना फोटो म्हटल्यावर आम्ही दोघं हसलो. फोटोंचंच घर आहे आपलं. घरी येऊन बघतो तर काय, मी स्टुलावर, मी दारात, मी तुला मांडीवर घेऊन, सगळीकडे भुवई स्वच्छ. मामाच्या लग्नाचे फोटो मागवले. तेही ह्यांनीच काढलेले. काकांकडचेही ह्यांचेच. गावात दुसरा फोटोवाला कधी टिकला आहे का? निगेटिव्हं काढली, पण पातीनं खरवडलेलं परत येत नाही, म्हणे. बाळा, इतक्या वर्षांत माझा एकही खरा फोटो नाही.

ते जेवत नाहीत नीट. “मीच माझ्या हातानं तुला पुसून टाकलं,” असं काल म्हणाले. मी म्हटलं, पुसून टाकायला मी काय फळ्यावर लिहिलेली होते? पण त्यांना हसू आलं नाही.

तू मला खरं लिही. मग बघू.

तुझी,
आई


५ ऑगस्ट

आई आणि बाबा, दोघांनाही,

एकत्रच लिहिते. लपवाछपवी पुरे झाली. आपण तिघंही एका माळेचे मणी आहोत.

आई, तुझं खरं आहे. मी पडूनच आहे. रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली, आणि डॉक्टरांनी उठायची बंदी केली. शेजारीण दोन वेळा येते ती दाब मोजायला. चहा ती पिते हे मात्र खरं आहे. ती म्हणते तारखेपर्यंत वाट बघायला मिळेलच असं नाही, कदाचित आधी ऑपरेशन करावं लागेल. मला भीती वाटते. तुम्ही काळजी कराल म्हणून लिहिलं नाही, आणि तुम्ही तिकडे माझ्या काळजीनं व्हिसाचं लिहिलं नाही. मी खरं लिहिलं असतं तर बाबांनी ‘मागेपुढे झाली तरी चालेल’ म्हटलं नसतं. आणि बाबा, तुम्ही खरं लिहिलं असतं तर सोबतचा फोटो केव्हाच तुमच्या हातात पडला असता.

आता फोटो बघा. बाबा, रागावू नका.

मी पाचवीत होते. तुम्ही कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काढायला बाहेरगावी गेला होतात आणि दुसरा कॅमेरा रीळ भरून टेबलावर होता. आई स्टुडिओची काच पुसत होती. मी “आई!” अशी हाक मारली आणि ती वळली तेव्हा बटण दाबलं. नंतर तुम्ही नसताना डार्करूममध्ये जाऊन स्वतः छापला. कडेला तपकिरी डाग आहे तो माझ्या अंगठ्याचा. तुम्ही विचारलं होतंत, रिळावरचा एक फोटो कुठे गेला. मी म्हटलं होतं, माहीत नाही. ती निगेटिव्ह मी भीतीनं कापून फेकून दिली होती.

इथे येताना मी तुमच्या अल्बमातला एकही फोटो आणला नाही, तुमच्या लक्षात आलं होतं का? ते सगळे फार सुंदर आहेत, पण त्यांत बाबांची बायको आहे. माझी आई ह्या एकाच फोटोत आहे. हातात ओलं फडकं, केस विस्कटलेले, ओरडायच्या बेतात, आणि भुवईवर तिचा व्रण. लहानपणी झोप येईना तेव्हा मी त्याच्यावरून बोट फिरवायचे. इथे दीड महिना मी ह्याच फोटोकडे बघत पडले आहे.

बघा, तिच्या मागे काचेत तुमचा लग्नाचा फोटो लावलेला आहे. व्रणवाली आई पुढे, बिनव्रणाची मागे, आणि चेहरा एकच. त्या अधिकारी बाईला एवढं पुरेल असं मला वाटतं.

रजिस्टर करून पाठवते आहे. लवकर जा.

तुमची,
मिचमिची


२० ऑगस्ट

चि. मिचमिचे,

आधी तेच लिहितो: व्हिसा मिळाला. तुझी आई येत्या शनिवारच्या विमानानं निघते आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती बहुधा तुझ्या उशाशी बसलेली असेल आणि पत्र तीच फोडेल. फोडू दे. जावईबापूंना तार केली आहे.

फोटो सोमवारी पोचला. तो हातात घेऊन मी पहिल्यांदा काय केलं असेल? चुका मोजल्या. कॅमेरा हललाय, डोक्याचा वरचा भाग कापला गेलाय, उजेड मागून येतोय, अंगठ्याचा डाग आहेच. इतका वाईट फोटो माझ्या स्टुडिओतून आजवर बाहेर पडलेला नाही. मग पुन्हा बघितला आणि पोरी, मला रडू फुटलं. घड्याळजी समोरून बघत होता, त्याला म्हटलं औषधाची वाफ डोळ्यांत गेली.

त्याच दिवशी बस धरून आम्ही शहरात गेलो. तुझ्या आईनं फोटो काचेखालच्या फटीतून आत सरकवला. त्या बाईनं तो उचलला, आईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे, मग भिंग घेऊन मागच्या काचेतल्या लग्नाच्या फोटोकडे. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही बोलावलं. तिनं विचारलं, हा कुणी काढला? आई म्हणाली, “माझ्या मुलीनं. तिच्याकडेच जायचंय मला. ती अंथरुणाला खिळली आहे.” मग तिनं विचारलं, आणि आधीचे सगळे? तुझ्या आईनं नुसतं माझ्याकडे बोट केलं. काचेमागून दोघांनी आणि आमच्या मागच्या रांगेनं, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अधिकारी बाई हसली. दुभाष्या म्हणाला, “मॅडम म्हणताहेत, तुम्ही फार चांगले फोटोग्राफर आहात. आता ह्यांचे फोटो काढू नका.” आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मी कुणाच्याही लग्नातल्या वाजंत्रीपेक्षा आनंदानं ऐकला.

बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवरच बसलो. तुझी आई म्हणाली, “सुटले बाई एकदाची.” मी म्हटलं, “माझ्या तावडीतून?” तर म्हणते, “ते अजून ठरायचंय.”

तुझा फोटो मात्र त्यांनी फाइलला लावून घेतला. परत देत नाहीत. तेवढी हुरहुर राहिली.

काही लपवू नकोस यापुढे. मीही लपवणार नाही.

तुझा,
बाबा


१२ सप्टेंबर

ती. बाबा,

नमस्कार. तुमच्या जावयांनी तार केली ती मिळाली असेल, तरी माझ्या हातानं लिहायचं होतं. आज पहिल्यांदाच बसून लिहिते आहे, अक्षर बघा.

आई आली ती थेट माझ्या खोलीत. बॅग खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? “टेबल कुठं डगमगतंय दाखव.” मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं. महिनाभरानं मला त्या रात्री शांत झोप लागली. तिच्या भुवईवर बोट ठेवूनच झोपले, असं ती म्हणते.

चौथ्या दिवशीच दाब फार चढला आणि घाईनं ऑपरेशन करावं लागलं. जावई तुमचे पुलावर होते, गाडी मिळून पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दवाखान्यात आई आणि शेजारीण. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघी सगळं समजून घेत होत्या. मी शुद्धीवर आले तेव्हा आई बाळाला घेऊन उभी होती. मुलगी झाली, बाबा. लहानशी आहे, पण आवाज खणखणीत. दोघीही सुखरूप आहोत. आई त्या दिवशी इथे नसती तर काय झालं असतं ते मी आता मनात आणत नाही.

बाळाच्या कपाळावर लाल डाग आहे, बोराएवढा. डॉक्टर म्हणाले आपोआप जाईल.

बाळाची नोंद करायला हे आपल्या वकिलातीत गेले होते. तोच कारकून होता. त्यानं विचारलं, “आई आल्या का?” आल्या म्हटल्यावर म्हणाला, “मग मुदत वाढवायला काय काय लागतं तेही आत्ताच विचारून ठेवा. नंतर पुन्हा खेप पडते.”

तुमची,
मिचमिची (आणि एक नवी मिचमिची. फोटो काढायला गेलं की डोळे मिटते.)


२८ सप्टेंबर

अगं,

तुला पत्र लिहायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. तू कुठे गेलीच नाहीस. मायना काय लिहायचा यावर अर्धा तास गेला, शेवटी रोज जी हाक मारतो तीच लिहिली.

नातीची बातमी वाचून मी सगळ्या बाजारात सांगत सुटलो. स्टुडिओला एक दिवस सुट्टी दिली. मिचमिचीचं सुरळीत झालं, तू वेळेवर पोचलीस, आता मला देवाकडे काही मागायचं नाही.

तरी एक मागणं आहे, ते तुझ्याकडे.

परवा घरात करमेना. चहा दोन कप करून बसलो आणि मग लक्षात आलं. म्हटलं तुझे फोटो तरी बघावेत. सगळे अल्बम काढले, एकेक पान उलटलं. ही बाई देखणी आहे, नाही कशाला म्हणू, पण ती माझ्याशी कधी भांडलेली नाही. तिनं माझ्या तापात रात्री जागवलेल्या नाहीत. डोळ्यांखालची ती वर्तुळं माझ्यामुळे आणि पोरीमुळे आली होती, आणि मीच बसून ती भरून टाकली. एवढ्या फोटोंत मला तू सापडली नाहीस. ज्या एका फोटोत होतीस तो परक्यांच्या फाइलीत जाऊन बसला.

तेव्हा जावईबापूंना सांगून एक फोटो काढून घे आणि पाठव. नातीला घेऊन बस. उजेड कुठून येतो, पडदा कुठला, काही विचारू नकोस. जसा येईल तसा पाठव. मी त्याला हात लावणार नाही, शपथ घेतो.

आणि हो, माझी रिटचिंगची, निगेटिव्हवर हात फिरवायची पेन्सिल सापडत नाही. तू गेल्यापासून शोधतोय, सगळं घर पालथं घातलं. नव्या पेन्सिलीवर हात बसत नाही. दोन नवऱ्यामुली ताटकळल्या आहेत, त्यांना सांगितलं की हल्ली असेच फोटो चालतात. एकीला पटलं.

तुझाच,
(काय लिहू? तुला माहीत आहे.)


१५ ऑक्टोबर

अहो,

पत्र मिळालं. मिचमिचीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मधे दोनदा थांबली. मग मी ते पुन्हा एकटीनं वाचलं.

बाळ बाळसं धरू लागलं आहे. लेक हिंडूफिरू लागली. जावईबापूंची पुलावरून इकडे बदली होते आहे. म्हणजे आता सगळं मार्गी लागलं. त्या कारकुनाचं मात्र खरं होईलसं वाटतं, सहा महिने मला कमीच पडणार. पण मुदत वाढवून घेणार नाही. घरी दोन कप चहा करून बसणारं माणूस आहे.

तुम्ही म्हणालात तसा फोटो सोबत आहे. जावईबापूंनी काढला. मी हलले आहे, बाळानं डोळे मिटले आहेत, खिडकीचा अर्धा पडदा मधे आला आहे. माझी वर्तुळं आहेत, हनुवटी आहे, व्रण आहे, आणि बाळाच्या कपाळावर तिचा डाग आहे. कोण कुणाची ते विचारायला दुभाष्या लागणार नाही.

हा मोठा करून समोरच्या काचेत लावा, लग्नाच्या फोटोशेजारी. लोक विचारतील, फोटोवाले, तुमच्या बायकोच्या भुवईवर काय राहून गेलं? त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची शपथ मी वाचली. तुम्ही पाळाल, माझा विश्वास आहे. तरी पेन्सिल शोधू नका. निघताना बॅग भरली तेव्हाच मी ती बरोबर घेतली होती. इथे उशाशी आहे. येताना घेऊन येईन.

तुमचीच,
मी